नऊ डिग्रीचा हट्ट

भाड्याचं घर बघायला आलेल्या बाईला घरमालकाने काय विचारावं? नवरा कुठे असतो, मटण-मासे शिजवता का, पाहुणे फार येतात का. लखनौत मी त्याआधी सात घरं पाहिली होती आणि सातही ठिकाणी हेच विचारलं गेलं होतं, फक्त फार गोड आवाजात, चहा-बिस्किटांबरोबर. महानगर नावाच्या वस्तीतल्या आठव्या घरी मात्र पांढऱ्या मिशांचे, उंच, जरा वाकलेले एक गृहस्थ दारातच उभे राहिले आणि चक्क मराठीत म्हणाले, "तिकडे दोरीवर सतरंजी घातलीय. ती झोडून दाखवा."

मला वाटलं, माणूस स्वच्छतेचा वेडा असेल. सात घरं हिंडून पाय दुखत होते, डोकं तापलेलं होतंच. उचलली काठी आणि दिले चार रट्टे. धूळ माझ्याच नाकातोंडात गेली.

"पुरे," ते म्हणाले. "वेग कमी आहे. मनगट लवकर सुटतं. बारा डिग्री." आणि वरच्या मजल्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी वनस्पतिशास्त्रातली डॉक्टरेट. इथल्या एका संशोधन संस्थेत बदलून आलेली, वय वर्षं शेहेचाळीस. नवरा नोकरीपायी पुण्यात, मुलगा हॉस्टेलवर. आणि हा कोण कुठला माणूस, नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, आणि माझा वेग कमी आहे म्हणून सांगतो! डोक्यात अशी तिडीक गेली की किल्ली त्यांच्या अंगावर फेकावी. पण घर हवेशीर होतं, गच्चीवर कुंड्यांना जागा होती, आणि आठवड्याभराने पहिल्यांदा कुणी मराठी बोललं होतं. राहिले. सहा वर्षं राहिले.

काका, म्हणजे हे घरमालक, रेल्वेतले इंजिनियर. मूळचे मिरजेचे. नोकरीनिमित्त लखनौला आले, निवृत्त झाले, इथेच घर बांधलं. काकू जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. घरात एक आरामखुर्ची, रेडिओ आणि एक भली मोठी पत्र्याची ट्रंक. अशा ट्रंकेत माणसं गाद्या ठेवतात, लोणच्याच्या बरण्या ठेवतात. काकांच्या ट्रंकेत गोल्फच्या काठ्या होत्या. आणि त्याही एकाच जातीच्या, ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे पहिला लांब फटका मारायची ती मोठ्या डोक्याची काठी. नऊ डिग्रीपासून चौदा डिग्रीपर्यंत सगळ्या कोनांचे ड्रायव्हर जुन्या धोतरांत गुंडाळून ओळीने ठेवलेले.

हा कोन, म्हणजे लॉफ्ट, काय असतो ते त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात समजावलं. थालीपीठ चालू होतं. त्यांनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "हे बघा. उलथनं आडवं धरलंत की थालीपीठ पुढे सरकतं. जरा मागे कलतं धरलंत की उचललं जातं. ड्रायव्हरच्या तोंडाचा कल म्हणजे लॉफ्ट. हात जोरात फिरत असेल तर कल कमी चालतो, चेंडू वेगानेच वर राहतो. हात सावकाश फिरत असेल तर कल जास्त लागतो, नाहीतर चेंडू उठायच्या आधीच पडतो. यात लाजायचं काय आहे? वळणावर बाहेरचा रूळ किती उंच ठेवायचा ते गाडीच्या वेगावर ठरवतात. इंजिन चालवणाऱ्याच्या मानपानावर नाही ठरवत." तोवर थालीपीठ करपलं. ते त्यांनीच खाल्लं, तक्रार न करता.

शहराबाहेर, बख्शी का तालाब या गावाच्याही पुढे, उसाच्या आणि बटाट्याच्या शेतांमध्ये एक छोटं नऊ होलचं मैदान होतं. दर मंगळवारी सकाळी काका तिकडे जायचे. खेळायच्या आधी तासभर सरावाच्या पट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचे, मांडीवर कोनमापक, हातात पायाला लावायच्या पावडरीचा डबा. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ड्रायव्हरच्या तोंडावर पावडर भुरभुरायचे, म्हणजे चेंडू नेमका कुठे लागतो त्याचा गोल डाग उमटतो. दहा चेंडू मारायला लावायचे. "चांगले दोन विसरायचे, ते नशिबाचे. वाईट दोन विसरायचे, ते रात्रीच्या जेवणाचे. मधले सहा तुमचे." मग आकडा सांगायचे. फुकट. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचे, आणि भांडण तिथेच व्हायचं.

कारण पुरुषांना तो आकडा कमी हवा असतो! हे मला आजतागायत समजलेलं नाही. नऊ डिग्री म्हणजे मर्द, साडेदहा म्हणजे ठीक, बारा म्हणजे बायका आणि म्हातारे. कुणी ठरवलं हे? दुकानात जाऊन चपला घेताना कुणी म्हणतं का, मला सहा नंबर येतो पण नऊ द्या, ऑफिसात बरं दिसेल? पण ड्रायव्हर घेताना शिकलेसवरलेले, दोन-दोन पदव्यांचे लोक हेच करायचे. एकदा एक फार मोठे अधिकारी आले. पुढेमागे चार माणसं, हातात कोरा करकरीत आठ डिग्रीचा ड्रायव्हर. साहेबांचे चेंडू सशासारखे गवतातून पळत होते आणि मागची चार माणसं "वाह सर, क्या बात है" करत होती. काका खुर्चीतून उठले. म्हणाले, "साहब, ये आपके स्विंग का नहीं, आपकी पोस्ट का ड्रायव्हर है। स्विंग तेरह का है।"

झालं! साहेब हसले, लखनौत हसतातच, आणि पुढच्या आठवड्यात क्लबच्या ऑफिसातून काकांना अतिशय अदबीचं पत्र आलं की आपण आमच्यासाठी आदरणीय आहात, तरी कृपया पाहुण्यांना सल्ला देऊ नये. काकांनी पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला साहेबांच्या दहा फटक्यांचा तक्ता काढला आणि पत्र परत पाठवलं. चिडले बिडले अजिबात नाहीत. उलट मीच आठवडाभर चिडलेली.

माझंही तेच केलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. मला गोल्फ शिकायचं नव्हतं. त्यांना गाडी चालवताना त्रास होऊ लागला, मोतीबिंदू पिकत होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते, म्हणून मी मंगळवारी रजा टाकून किंवा संस्थेत उशिरा जाऊन त्यांना न्यायला लागले. नुसतं बसून काय करायचं, म्हणून काठी धरली. त्यांनी बारा डिग्री सांगितलेलीच होती. शेजारचा एक टोणगा हसला, "लेडीज़ वाला ले लीजिए मैडम।" मग मीही पेटले आणि साडेदहाचा घेतला. सहा महिने माझे चेंडू गुडघ्याएवढे उडाले. काका काहीही बोलले नाहीत. रोज संध्याकाळी पाण्याची मोटर बंद करायला गच्चीवर यायचे, कुंड्यांकडे बघायचे आणि "बारा" एवढंच म्हणून खाली जायचे. सहा महिने! शेवटी एक दिवस मी ओरडले, "द्या तो तुमचा बारा!" ट्रंक आधीच उघडून ठेवलेली होती.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. ते मला "बाई" म्हणायचे. मंगळवारच्या खेळात चौथी जागा रिकामी झाली होती, ती मला मिळाली. बाकीचे दोघं म्हणजे वकीलसाहेब आणि कर्नलसाहेब, दोघंही इथलेच, दोघंही सत्तरीच्या घरातले, काकांचे तीस वर्षांचे सोबती. आणि काकांची बॅग उचलणारा कॅडी, तोही साठीचा, गुडघे काकांपेक्षा वाईट.

आता मुख्य गोष्ट. चौथ्या होलला टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, दीडशे यार्डांवर एक नाला आडवा येतो. पहिला फटका हवेतून नाल्यापलीकडे गेला पाहिजे, नाहीतर चेंडू चिखलात. काकांचा एक नियम होता आणि तो त्यांनी सगळ्यांना ऐकवून ठेवला होता. "ज्या दिवशी माझा चेंडू हा नाला ओलांडणार नाही, त्या दिवशी बॅग याला देऊन टाकीन आणि पुन्हा इकडे पाय ठेवणार नाही." 'याला' म्हणजे कॅडीला. कॅडी कानाला हात लावायचा. पण काका थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. सिगारेट एका दुपारी सोडली ती सोडली. आणि मंगळवार गेला असता तर त्या माणसाकडे आरामखुर्ची आणि रेडिओ यांशिवाय काय उरलं असतं, हे वरच्या मजल्यावरून मला रोज दिसत होतं.

गंमत म्हणजे काका स्वतः नऊ डिग्री खेळायचे. चाळिशीपासून नऊ. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चेंडू नाल्यापलीकडे जातोय ना? मग आकडा बरोबर आहे. पुरावा असताना शंका घेऊ नये." आणि चेंडू जायचाच. डोळ्यांना दिसायचं नाही, म्हणून फटका मारून ते विचारायचे, "गेला?" आणि आम्ही तिघं एका सुरात, "गया!" "गेला, काका!" कॅडी आधीच पलीकडे जाऊन उभा असायचा, तो हात हलवायचा. आम्ही पुलावरून वळसा घालून पोचलो की गवतात चेंडू असायचा, त्यावर काकांची खूण, तांबड्या मार्करने काढलेल्या दोन समांतर रेघा, रुळासारख्या. मी गेला म्हणायचे कारण बाकीचे म्हणायचे. माझं लक्ष स्वतःच्या काठीकडे असायचं.

मग एका मे महिन्यात नाला आटला. माझा चेंडू खाली गेला म्हणून मी चप्पल काढून उतरले. चिखलात माझा चेंडू सापडला नाही. काकांचे सापडले. तांबड्या रुळांचे, एकाशेजारी एक, काही नवे, काही शेवाळलेले. मोजले तर तेवीस.

मी तशीच चिखलाच्या पायांनी वर आले. काका पुढे गेले होते. वकीलसाहेबांसमोर ओंजळ धरली. त्यांनी एकदा पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून माझ्या हातांवर टाकला.

"मैडम, आहिस्ता। सुन लेंगे।"

दोन वर्षं चाललं होतं. दोन वर्षं! वकीलसाहेब चेंडू आणायचे, आपल्या ऑफिसात बसून स्वतःच्या हाताने पट्टी लावून त्यावर रूळ काढायचे. कॅडी एक खिशात ठेवायचा, काकांचा हात वर गेला की पाठ फिरवून खांद्यावरून मागे गवतात टाकायचा, मुद्दाम न बघता, म्हणजे सापडताना खरोखर शोधल्यासारखं दिसावं. कर्नलसाहेब पुलावर काकांचा हात धरून त्यांना बोलण्यात गुंतवायचे. प्रत्येकाचं काम ठरलेलं. अशी शिस्त सरकारी खात्यांत असती तर देश कुठे गेला असता!

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "तुम्ही त्यांना काय समजता? लहान मूल? आयुष्यभर ज्या माणसाने समोरच्याला खरा आकडा सांगितला, त्याला तुम्ही दोन वर्षं खोट्या चेंडूवर खेळवलंत?"

"तो क्या करते?" वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "ज़बान के पक्के हैं। एक दफ़ा कह देंगे कि नहीं आऊँगा, तो नहीं आएँगे। घर बैठ गए तो छह महीने में ख़त्म। आप तो घर की हैं, आप ही बताइए।"

"अहो, पण बारा डिग्री घेतली तर खरोखर जाईल ना चेंडू! तुमच्यामुळे त्यांना बदलायचं सुचत नाहीये. दर मंगळवारी पुरावा तुम्हीच पुरवताय!"

हे त्यांना पटलं असावं. पण कर्नलसाहेब डोळे पुसत होते, कॅडी हात जोडून उभा, आणि वकीलसाहेबांनी माझ्याकडून वचन घेतलं की काकांना सांगणार नाही. मी दिलं. का दिलं? आजही विचारते स्वतःला. भर उन्हात तीन म्हातारे तोंडं पाडून उभे होते, म्हणून दिलं. चेंडू परत चिखलात टाकले आणि पाय धुतले.

पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. आठ दिवसांनी काका मोटर बंद करायला वर आले तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालता घालता म्हटलं, "काका, सगळ्या जगाला मोजता, स्वतःला कधी मोजलंत?"

"गरज नाही. नाला जातोय."

"नाल्याचं सोडा. दहा चेंडू मारून पावडरीचा डाग बघितलात का कधी? का ते फक्त आम्हा गरिबांसाठी?"

"बाई, मर्यादा सोडू नका."

"सोडते! तुम्ही पहिल्याच दिवशी माझा वेग काढलात, तेव्हा कुठे होती तुमची मर्यादा?"

ते खाली गेले. दुसऱ्या दिवशी मोटर लावलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जूनचा महिना, लखनौचं ऊन, आणि वर पाण्याचा थेंब नाही! मी बादल्या भरभरून जिने चढत होते आणि प्रत्येक पायरीवर त्या माणसाला मिरजेपर्यंत पोचवत होते. चौथ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. दार उघडलं तर काका उभे, हातात पावडरीचा डबा.

"मोजा," म्हणाले. "पण कुणाला सांगायचं नाही. मी स्वतःला मोजतोय, हे कुणाच्या कानावर जाता कामा नये. शब्द द्या."

दिला. दुसरा शब्द. एक वकीलसाहेबांना, एक काकांना. तेव्हा मला त्यात काही गैर वाटलं नाही, उलट केवढी शहाणी मी, असंच वाटलं.

सरोजिनी नगरच्या पलीकडे, विमानतळाच्या बाजूला एक सरावाची जागा होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिकडे गेलो. मी कोनमापक घेऊन खुर्चीवर बसले आणि काका समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांचा फटका नीट बघितलाच नव्हता. सुंदर होता, आणि सावकाश होता. दहा चेंडू मारले. चांगले दोन विसरले, वाईट दोन विसरले. मधले सहा दीडशे यार्डांच्या पाटीच्या वीस पावलं अलीकडे पडले होते.

"पाट्या चुकीच्या लावल्यात," काका म्हणाले.

गाडीतून रेल्वेची पोलादी टेप काढली. भर जूनमध्ये आम्ही दोघांनी ते मैदान मोजलं. पाट्या बरोबर होत्या. काकांनी टेप गुंडाळली.

"मग नाला कसा जातो?" त्यांनी मला विचारलं. विचारलं म्हणजे सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं. दिसत नव्हतं, तरी बघितलं.

सांगायला हवं होतं. तीच वेळ होती. उन्हात आम्ही दोघंच होतो, आणि या माणसाने आयुष्यात कधी खऱ्याला तोंड फिरवलं नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं.

"तिथे वारा मागून असतो, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "असेल. वाऱ्यावर भरवसा ठेवू नये. बारा काढा."

बारा डिग्रीने काय फरक पडला म्हणून सांगू! पहिल्या दिवशी नाही, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांचे चेंडू उंच उठायला लागले. पाऊस सुरू झाला, मंगळवारचं मैदान बंद झालं, पण आम्ही उघडीप मिळाली की सरोजिनी नगर गाठायचो. ऑगस्टअखेर मधल्या सहांपैकी पाच पाटीच्या पलीकडे पडायला लागले. काका गच्चीवरच्या त्याच आवाजात "बारा" म्हणायचे आणि हसायचे. तो माणूस हसतो हे मला तेव्हा कळलं. परतताना घराजवळच्या कपूरथला चौकात थांबून खस्ता कचोरी खायचो आणि ते मला सांगायचे की चौथ्या होलला वकीलसाहेबांचं तोंड कसं होईल. "नऊच्या धोतरात गुंडाळून नेऊ. मारल्यावरच दाखवू."

आणि मी! मी इतकी हुरळले होते की मला एक साधी गोष्ट सुचली नाही. वकीलसाहेबांना फोन करून, कॅडीला बाजूला घेऊन, 'आता टाकू नका' एवढं सांगायचं सुचलं नाही. काकांना शब्द दिला होता, खरं आहे. पण मोजण्याबद्दल चकार शब्द न काढताही सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. ते राहिलं.

दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारी मैदान उघडलं. नाला काठोकाठ भरलेला. चौथ्या टीवर काकांनी काठीवरचं जुनं फडकं काढलं, कुणाला तिचं तोंड दिसू न देता ती चेंडूमागे ठेवली, हात मागे नेला. मी त्या दिवशी पहिल्यांदा काहीही न करता नुसती चेंडूकडे बघत होते. उंच उठला. पाण्यावरून गेला. पलीकडच्या गवतात चांगला दहा पावलं आत उतरला. मी नाचले हो अक्षरशः.

"गेला?"

"गेला, काका! गेला!" मी ओरडले.

"गया साहब!" मागून दोघंही ओरडले, दर मंगळवारसारखे.

काका आज पुलावर कुणाचा हात न धरता चालले. मी त्यांच्या मागे, आणि गवताजवळ पोचेपर्यंत मला आठवलंच नाही. पोचलो तेव्हा आठवलं.

गवतात दोन चेंडू होते. हातभर अंतरावर. दोन्हींवर तांबडे रूळ.

काका वाकले. एक उचलला, डोळ्यांजवळ धरला. दुसरा उचलला, तोही धरला. कॅडीने पळायचं विसरून तोंडाला हात लावला होता.

"कौन सा मेरा है?" काकांनी विचारलं.

कॅडीने खांद्यावरून टाकला होता, त्याला तरी कुठे माहीत? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हुज़ूर, दोनों आप ही के हैं।"

वकीलसाहेब पुढे झाले, "अरे भाई साहब, पिछले हफ़्ते का कोई पड़ा रह गया होगा..." मागच्या आठवड्यात मैदान बंद होतं. कर्नलसाहेब शेताकडे बघत राहिले. काकांनी त्यांच्यापैकी कुणालाच काही विचारलं नाही. दोन वर्षांचा हिशेब त्यांच्या डोक्यात तिथल्या तिथे पुरा झाला, ते चेहऱ्यावर दिसलं. मग ते माझ्याकडे वळले आणि दोन्ही तळहात पुढे केले.

"बाई, तुम्ही सांगा. यातला माझा कुठला?"

मला माहीत नव्हतं. एवढ्या लांबून कुणाला कळणार? पण आज गेला होता, खरोखर गेला होता, आणि मी माहीत नाही म्हटलं असतं तर तेही वाहून गेलं असतं. मी उजव्या हातातल्या चेंडूवर बोट ठेवलं. "हा."

"पाहिलात जाताना?"

"पाहिला, काका. शपथेवर. या डोळ्यांनी."

"एप्रिलमध्ये पण तुम्ही पाहिला होतात," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी दोन्ही चेंडू कॅडीच्या खिशात घातले, बारा डिग्रीचा ड्रायव्हर बॅगेत ठेवला, चेन लावली आणि बॅग त्याच्या खांद्यावर नीट बसवून दिली. त्याने ती काढायचा प्रयत्न केला तर पट्टा घट्ट केला. मग पुलावरून एकटे गाडीपर्यंत गेले आणि पुढच्या सीटवर बसून राहिले.

त्यानंतर ते मैदानावर गेले नाहीत. वकीलसाहेब घरी येऊन रडले, तेव्हा त्यांना चहा दिला, रेडिओचा आवाज कमी केला, वाईट बोलले नाहीत. मोटर वेळेवर लावायचे, वेळेवर बंद करायचे. माझ्याशीही बोलायचे, पाण्याबद्दल, वीजबिलाबद्दल. वर्षभराने घर विकून मिरजेला बहिणीकडे गेले.

वकीलसाहेब आता म्हणतात, जो हुआ अच्छी नीयत से हुआ. मला ते ऐकवत नाही. चांगल्या मनाने केलं म्हणून काय झालं? तुमच्या त्या चांगुलपणाने त्या माणसाचा एक खरा फटका खोटा पाडला, आणि त्यात सगळ्यात मोठा हात माझा, कारण माझ्यावर त्याचा विश्वास होता. मिरजेला मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तेच सांगितलं. काका, तो गेला होता. ते म्हणतात, "बरं." अहो, बरं काय? गेला होता तो! पाण्यावरून, उंच, दहा पावलं आत. मी पाहिला होता.